सापेक्ष म्हणजे ‘ज्याचे त्याचे’ नव्हे

एका वाचक भगिनींच्या लांब पत्राचा हा गोषवारा. त्यांनी आयुष्यभर हिशेबतपासणीचे काम केले. दोन वह्या जुळत नसतील तर चूक कुठे तरी आहेच आणि ती सापडतेच, या विश्वासावर त्यांची सारी नोकरी झाली. निवृत्तीनंतर त्यांनी चार मैत्रिणींबरोबर वाचनगट सुरू केला. तेथे सापेक्षतावादाचा विषय निघाला तेव्हा एका मैत्रिणीने ठामपणे सांगितले, की आइन्स्टाइननंतर वस्तुनिष्ठ सत्य असे काही उरलेले नाही. जितके निरीक्षक तितकी वास्तवे. हत्ती आणि आंधळ्यांची गोष्टही तिने पुराव्यादाखल सांगितली. तेव्हापासून कोणत्याही वादात ती ‘शेवटी सगळं सापेक्षच आहे’ असे म्हणून विषय मिटवते. पत्रलेखिकेने स्वतः वाचून पाहिले, तर ‘एकाच वेळी’ या शब्दांना सर्वांसाठी समान अर्थ नाही हे खरोखरच भौतिकशास्त्र सांगते, असे आढळले. एक उदाहरण त्यांनी सोडवून पाहिले, पण आकडे जुळले नाहीत. तो कागद पत्राला जोडला आहे. त्यांची मुलगी दुसऱ्या खंडात राहते आणि फोनवर ‘आत्ता काय करतेस?’ असे विचारताना हल्ली त्यांची जीभ अडखळते. त्या लिहितात, ‘माझ्यापुढे दोनच मार्ग दिसतात. प्रत्येकाचे वास्तव वेगळे हे मान्य करायचे, किंवा हा सिद्धांत निव्वळ गणिती सोय आहे असे समजून बाजूला ठेवायचा. यांतला कोणता स्वीकारू, आणि मैत्रिणीला काय सांगू?’

सप्रेम नमस्कार.

तुम्ही जोडलेला कागद माझ्यासमोर आहे आणि त्यावर नेमके कुठे बिनसले आहे तेही सापडले आहे. मात्र तिकडे वळण्यापूर्वी थोडे शब्दांविषयी बोलायला हवे, कारण तुमच्या मैत्रिणीचा दावा भौतिकशास्त्रापेक्षा एका शब्दाच्या पोटातून आलेला आहे, असे मला वाटते.

मराठीत आपण या सिद्धांताला सर्रास ‘सापेक्षतावाद’ म्हणतो. मूळ जर्मन नावात ‘वाद’ नाही, ‘सिद्धांत’ आहे. शेवटी ‘वाद’ आला की साम्यवाद, अद्वैतवाद, शून्यवाद अशी मंडळी आठवतात आणि ही कुणी मानावी, कुणी न मानावी अशी एक जीवनदृष्टी असावी, असा ग्रह होतो. त्यातच ‘सापेक्ष’ हे विशेषण रोजच्या बोलण्यात ‘ज्याच्या त्याच्या मताप्रमाणे’ या अर्थाने इतके गुळगुळीत झाले आहे, की त्याचा शास्त्रातला अर्थ कानापर्यंत पोहोचतच नाही. आइन्स्टाइनच्या १९०५ सालच्या लेखाच्या शीर्षकात तर हा शब्द नव्हताच. ‘गतिमान पदार्थांच्या विद्युत्-गतिकीविषयी’ असे ते रुक्ष शीर्षक होते. तो लेख ज्या दोन गृहीतकांवर उभा आहे, ती दोन्ही ‘सर्वांसाठी एकच’ अशा थाटाची आहेत. एकमेकांच्या संदर्भात एकसमान वेगाने जाणाऱ्या सर्वांसाठी निसर्गाचे नियम एकच, हे पहिले. आणि निर्वातातला प्रकाशाचा वेग, म्हणजे सेकंदाला २९,९७,९२,४५८ मीटर, सर्वांसाठी एकच, हे दुसरे. लांबी, कालावधी आणि ‘एकाच वेळी’ हे सारे मोजणाऱ्याच्या गतीनुसार बदलते, ते या दोन गोष्टी कुणासाठीही बदलत नाहीत म्हणूनच.

सापेक्ष याचा शास्त्रातला अर्थ एवढाच, की ती राशी कशाच्या तरी संदर्भात सांगावी लागते. डोंगराची उंची समुद्रसपाटीपासून सांगतात. पायथ्यापासून मोजली तर आकडा वेगळा येतो, पण त्यामुळे उंची हा मताचा विषय ठरत नाही. वेग सापेक्ष असतो हे गॅलिलिओने १६३२ मध्येच जहाजाच्या बंद खोलीचे उदाहरण देऊन सांगितले होते, आणि त्या कारणाने कुणाचे वास्तव कोसळल्याचे ऐकिवात नाही.

‘निरीक्षक’ हा दुसरा फसवा शब्द. तो वाचला की आपल्या डोळ्यांपुढे एक माणूस उभा राहतो: त्याचे डोळे, त्याचा स्वभाव, त्याचे पूर्वग्रह. भौतिकशास्त्रातल्या निरीक्षकाला यांपैकी काहीही लागत नाही. ठरावीक वेगाने जाणारी मोजपट्ट्या आणि घड्याळे यांची एक व्यवस्था म्हणजे निरीक्षक. तिला ‘संदर्भचौकट’ म्हणतात. तिथे माणसाऐवजी एखादे यंत्र ठेवले तरी आकडे तेच येतात. याचा एक परिणाम तुमच्या वाचनगटासाठी फार महत्त्वाचा आहे. एका खोलीत समोरासमोर बसून भांडणाऱ्या दोघींची मते कितीही वेगळी असली, तरी त्यांची संदर्भचौकट एकच असते. त्यांच्या मतभेदाबद्दल आइन्स्टाइनचा सिद्धांत चकार शब्द काढत नाही. मैत्रिणीला स्वतःचे वेगळे वास्तव हवेच असेल, तर तिला आधी खुर्चीवरून उठून प्रकाशाच्या निम्म्या वेगाने तरी पळावे लागेल. आणि तेव्हाही तिला मिळेल ते वेगळे मोजमाप, वेगळे वास्तव नव्हे.

हे नुसते म्हणणे झाले. प्रत्यक्ष काय घडते ते एका प्रयोगातून पाहा. मला स्वतःला हा विषय तिथेच खरा उलगडला. अवकाशातून येणारे किरण वातावरणाच्या वरच्या थरात आदळले की म्युऑन नावाचे कण तयार होतात. हे कण अल्पायुषी असतात. स्थिर असताना त्यांचे सरासरी आयुष्य सेकंदाच्या दशलक्षांश भागाच्या सुमारे २.२ पट, म्हणजे २.२ मायक्रोसेकंद असते. डेव्हिड फ्रिश आणि जेम्स स्मिथ या दोन अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञांनी १९६३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात माउंट वॉशिंग्टन या सुमारे १,९१० मीटर उंचीच्या शिखरावर मोजयंत्र ठेवून, प्रकाशाच्या ९९.५ टक्क्यांच्या आसपास वेग असलेले म्युऑन मोजले. तासाला सुमारे ५६३ भरले. एवढी उंची उतरायला अशा म्युऑनला जवळपास ६.४ मायक्रोसेकंद लागतात, म्हणजे त्याच्या सरासरी आयुष्याच्या तिप्पट. त्या हिशेबाने समुद्रसपाटीवर तासाला तीसच्या आसपास पोहोचायला हवेत. प्रत्यक्षात खाली मोजले तेव्हा ते चारशेच्या वर निघाले.

आता दोन चौकटींचे दोन हिशेब पाहा. जमिनीची चौकट म्हणते, की वेगाने धावणाऱ्या म्युऑनचे घड्याळ सुमारे नऊपट संथ चालले. त्याच्या लेखी साडेसहा ऐवजी पाऊण मायक्रोसेकंदही गेला नाही, म्हणून बहुतेक कण वाचले. म्युऑनच्या चौकटीतून पाहिले तर त्याचे घड्याळ अगदी नेहमीप्रमाणे चालले आहे. तिथे डोंगरच सुमारे नऊपट आखूड होऊन वर धावत आला, जेमतेम सव्वादोनशे मीटरांचा, म्हणून पोहोचायला वेळ लागला नाही. एक चौकट म्हणते वेळ ताणला गेला, दुसरी म्हणते अंतर आक्रसले. दोन कथा पूर्ण वेगळ्या आहेत आणि दोन्ही आपापल्या ठिकाणी बिनचूक आहेत. पण खाली मोजयंत्रावर जो आकडा पडला तो चारशेच्या वरचाच. तो जमिनीच्या चौकटीत एक आणि म्युऑनच्या चौकटीत दुसरा असे कधीही होत नाही. कोणता कण पोहोचला आणि कोणता वाटेत विरला, याबद्दल विश्वातल्या सगळ्या चौकटींचे एकमत असते. ‘जितके निरीक्षक तितकी वास्तवे’ हे म्हणणे खरे असते, तर एका चौकटीत यंत्राचा काटा हलला आणि दुसरीत हललाच नाही, असे घडायला हवे होते. या सिद्धांतात त्याला जागाच नाही.

आता तुमचा कागद. तुम्ही एक दिवा घेतला आहे, जो एकाच जागी तीन सेकंदांच्या अंतराने दोनदा लुकलुकतो. दिव्याजवळ बसलेल्याच्या लेखी दोन लुकलुकींमधला वेळ ३ सेकंद आणि अंतर शून्य. प्रकाशाच्या ०.८ पट वेगाने जाणाऱ्या यानातून तोच वेळ ५ सेकंद भरतो आणि दोन लुकलुकींमधले अंतर ४ प्रकाशसेकंद, म्हणजे प्रकाश चार सेकंदांत कापतो तेवढे. इथवर तुमचे सगळे बरोबर आहे, आणि पाठ्यपुस्तक हाताशी नसताना तुम्ही ते केले याचे मला कौतुक वाटते. मग तुम्ही दोघांमध्ये समान असे काही तरी शोधायला निघालात. शाळेतला पायथागोरस आठवून ५ चा वर्ग आणि ४ चा वर्ग यांची बेरीज केलीत, ४१ आले. दिव्याजवळच्या माणसाकडे ९ आणि शून्य, म्हणजे ९. एकीकडे ४१, दुसरीकडे ९. त्याखाली तुम्ही लाल शाईने ‘मेळ नाही’ असे लिहून दोनदा अधोरेखित केले आहे.

मिळवू नका, वजा करा. पंचवीसातून सोळा गेले, उरले नऊ. दुसरीकडे नवातून शून्य गेले, उरले नऊ. आयुष्यभर ताळेबंद तपासल्यावर चिन्हाची चूक व्हावी, याचे तुम्हाला नक्कीच हसू येईल. पण या चुकीत तुम्ही एकट्या नाही. अवकाशातल्या दोन दिशा एकमेकींत मिळतात, आणि काळ आणि अवकाश यांची मात्र वजाबाकी होते, हे जगाच्या घडणीतले मोठे आश्चर्य आहे आणि कुणाच्याही अंतर्ज्ञानात ते बसत नाही. या वजाबाकीतून येणाऱ्या राशीला दोन घटनांमधले ‘अवकाशकालांतर’ म्हणतात. यान कोणत्याही वेगाने न्या, वेळ वेगळा भरेल, अंतर वेगळे भरेल, पण वजाबाकी ९ च राहील. यालाच भौतिकशास्त्रात वस्तुनिष्ठ म्हणतात: कोणत्याही चौकटीतून काढले तरी जे बदलत नाही ते.

ही गोष्ट आइन्स्टाइनच्या एकेकाळच्या गणिताच्या प्राध्यापकाने, हर्मान मिन्कोव्स्की यांनी, १९०८ मध्ये कोलोन येथील व्याख्यानात मांडली. सुटा अवकाश आणि सुटा काळ यापुढे केवळ छायांसारखे विरून जातील आणि दोहोंच्या एकत्रीकरणालाच स्वतंत्र वास्तवता उरेल, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. त्याच व्याख्यानात ‘सापेक्षतेचे गृहीतक’ हे नाव त्यांना फिके वाटल्याचेही त्यांनी सांगितले आणि त्याऐवजी ‘निरपेक्ष विश्वाचे गृहीतक’ असे म्हणावे, असे सुचवले. ते नाव रुळले असते, तर तुम्हाला हे पत्र लिहावे लागले नसते आणि मैत्रिणीला वाद मिटवायला दुसरा एखादा शास्त्रज्ञ शोधावा लागला असता.

येथून हत्तीच्या गोष्टीकडे. ती गोष्ट सुंदर आहे, पण इथे ती बसत नाही. प्रत्येक आंधळ्याच्या हाती हत्तीचा एकच तुकडा लागतो. शेपूट धरलेल्याला सोंडेविषयी काही सांगता येत नाही, आणि एकाच्या वर्णनावरून दुसऱ्याचे वर्णन काढण्याचा कोणताही मार्ग त्यांच्यापाशी नसतो. सापेक्षतेत प्रत्येक चौकटीपाशी अख्ख्या हत्तीचे वर्णन असते. शिवाय एका वर्णनावरून दुसरे काढण्याचे पक्के सूत्र असते, ज्याला लोरेन्ट्झ रूपांतरण म्हणतात. यानातल्या माणसाला दिव्याजवळच्या माणसाचे आकडे विचारावेही लागत नाहीत. तो ते बसल्या जागी काढू शकतो.

तुमच्या धंद्यातले उदाहरण मला जास्त जवळचे वाटते. महिनाअखेरीस कॅशबुक आणि पासबुक यांच्या शिलकी जुळत नाहीत. तुम्ही २८ तारखेला लिहिलेला चेक बँकेत ३ तारखेला वटतो. अशा वेळी बँक वेगळ्या वास्तवात राहते असा निष्कर्ष तुम्ही कधी काढला नाहीत. दोन वह्यांचा मेळ घालून फरकाचा पै-पैचा खुलासा केलात. दिशादर्शन करणाऱ्या जीपीएस उपग्रहांच्या बाबतीत नेमके हेच चालते. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरची त्यांची घड्याळे तिथले गुरुत्व क्षीण असल्यामुळे जमिनीवरच्या घड्याळांच्या तुलनेत दिवसाला सुमारे ४५ मायक्रोसेकंद पुढे जातात आणि वेगामुळे सुमारे ७ मायक्रोसेकंद मागे पडतात. निव्वळ फरक ३८. हा फरक हिशेबात धरला नाही तर एका दिवसात स्थानाची चूक दहा किलोमीटरांच्या पुढे जाईल. घड्याळे वेगवेगळी चालतात हे मान्य करूनच ही यंत्रणा तुम्हाला नेमके एकच ठिकाण दाखवते, आणि तुम्ही तिथेच उभ्या असता.

अर्थात, मैत्रिणीचे म्हणणे सर्वस्वी पोकळ आहे असे सांगून तुमची समजूत काढणे अप्रामाणिकपणाचे होईल. एक गोष्ट या सिद्धांताने खरोखर काढून घेतली आहे, आणि तिचा धक्का तुम्हाला बसला असेल तर तुम्ही बरोबर वाचले आहे. ती गोष्ट म्हणजे सर्व विश्वाला सामाईक असा ‘आत्ता’. रेल्वेच्या डब्याच्या बरोबर मध्ये दिवा लागला, तर डब्यातल्या प्रवाशाच्या हिशेबाने प्रकाश पुढच्या आणि मागच्या दाराला एकाच वेळी पोहोचतो. फलाटाच्या हिशेबाने मागचे दार प्रकाशाला सामोरे येत असते, म्हणून तिथे तो आधी पोहोचतो. इथे कॅशबुकचे उदाहरण तुटते, हेही सांगायला हवे. चेक वटायला उशीर लागतो म्हणून फरक पडतो, आणि चेक नेमका कधी लिहिला याचे एकच खरे उत्तर असते. डब्याच्या उदाहरणात मात्र प्रकाश डोळ्यापर्यंत यायला लागलेला उशीर दोघांनीही वजा केलेला आहे, तरी फरक उरतोच. ‘दोन्ही दारांना खरोखर एकाच वेळी पोहोचला का?’ या प्रश्नाला चौकट सांगितल्याखेरीज उत्तर नाही.

दूरच्या अंतरांवर हा फरक चक्रावून टाकतो. देवयानी दीर्घिका आपल्यापासून सुमारे २५ लाख प्रकाशवर्षे दूर आहे. एक माणूस उभा आहे आणि दुसरा त्याच्या शेजारून ताशी ५ किलोमीटर वेगाने देवयानीच्या दिशेने चालत जातो आहे. त्या क्षणी ‘देवयानीत आत्ता काय चालले आहे’ याचे दोघांचे हिशेब सुमारे चार दिवसांनी वेगळे भरतात. हे वाचून झोप उडावी हे स्वाभाविक आहे. पण लक्षात घ्या, की दोघांपैकी कुणालाही त्या चार दिवसांतले काहीही दिसत नाही. तिथली खबर यायला २५ लाख वर्षे लागतील, आणि ती येईल तेव्हा काय घडले याबद्दल दोघांच्या वंशजांमध्ये तिळमात्र मतभेद नसेल. जी घटना दुसरीवर परिणाम करू शकते, तिचा क्रम कोणत्याही चौकटीत उलटत नाही. आधी कारण आणि मग त्याचा परिणाम, हे सर्वांसाठी सारखेच राहते. क्रम बदलतो तो फक्त अशा घटनांचा, ज्यांच्यामध्ये प्रकाशालाही वेळेत पोहोचता येत नाही, म्हणजे ज्यांचा एकमेकींशी देण्याघेण्याचा काही संबंधच नाही.

म्हणून तुमच्या मुलीच्या ‘आत्ता’ची चिंता करू नका, तिचा हिशेब मी करून पाहिला. ती दहा हजार किलोमीटर दूर आहे असे धरू. प्रकाशाला तेवढे अंतर कापायला सेकंदाचा सुमारे तिसावा भाग लागतो. तुमच्या एखाद्या क्षणाच्या संदर्भात तिच्याकडच्या ज्या घटनांचा आधी-नंतर क्रम चौकटीवर अवलंबून राहतो, त्यांचा पट्टा त्या क्षणाच्या अलीकडे सेकंदाचा तिसावा भाग आणि पलीकडे तिसावा भाग, एवढाच. डोळ्याचे पाते लवायला याहून जास्त वेळ लागतो. या पट्ट्याच्या आधीचे सारे विश्वातल्या प्रत्येक चौकटीच्या लेखी आधीचे, आणि नंतरचे सारे प्रत्येकीच्या लेखी नंतरचे. तिने हातातले पुस्तक मिटले आणि ती फोन घ्यायला उठली, तर एवढ्या क्रियेला दोन-तीन सेकंद लागतात; त्या मानाने हा पट्टा नगण्य आहे. तुम्ही ‘आत्ता काय करतेस?’ म्हणून खुशाल विचारा. हा प्रश्न निरर्थक व्हायला तिला दुसऱ्या ग्रहावर तरी राहायला जावे लागेल, आणि मंगळावरही अडचण काही मिनिटांचीच असेल.

आता तुमचे दोन मार्ग. पहिला, प्रत्येकाचे वास्तव वेगळे हे मान्य करण्याचा, सापेक्षतेच्या आधाराने तरी टिकत नाही हे वर आलेच. दुसरा मार्ग तुम्हाला वाटतो तितका अडाणी नाही. हेन्ड्रिक लोरेन्ट्झ यांच्यासारखा थोर भौतिकशास्त्रज्ञ, ज्यांचे नाव त्या रूपांतरणाला आहे, शेवटपर्यंत असे मानत राहिला की एक खरी स्थिर चौकट आणि एक खरा काळ आहे. फक्त निसर्गाचे नियमच असे आहेत की ती चौकट कोणती, हे कोणत्याही प्रयोगाने ओळखता येत नाही. तर्काच्या दृष्टीने यात विसंगती नाही आणि प्रयोगांची भाकितेही तीच येतात. पण त्याची किंमत पाहा. ज्याचा जगात कुठेही, कशावरही माग उमटत नाही असा एक ‘खरा आत्ता’ केवळ मनाच्या समाधानासाठी सांभाळायचा. ज्या नोंदीला व्हाउचर नाही आणि जिच्यावाचून ताळेबंदात काही अडत नाही, अशी नोंद तुम्ही वहीत राहू दिली असती का? मी राहू देणार नाही, पण एखाद्याने राहू दिली तर त्याला खोटे पाडणारा प्रयोग माझ्यापाशी नाही.

तिसरा मार्ग तुमच्या पत्रात नाही, आणि माझा कल त्याच्याकडे आहे. सामाईक वास्तव आहे, पण ते जिथे आपण शोधत होतो तिथे नाही. विश्वव्यापी वर्तमानक्षणाच्या पानावर सगळे जग मांडलेले आहे अशी आपली समजूत होती. ते पान गेले. घटना, त्यांच्यातली अवकाशकालांतरे, कोण कुणावर परिणाम करू शकते याचा क्रम, आणि प्रत्येक घड्याळाने आपल्या वाटेवर मोजलेला काळ, हे सारे राहिले. ऑक्टोबर १९७१ मध्ये जोसेफ हाफेले आणि रिचर्ड कीटिंग यांनी सीझियमची चार आण्विक घड्याळे प्रवासी विमानांतून पृथ्वीभोवती फिरवली. जमिनीवरच्या घड्याळाच्या तुलनेत पूर्वेकडच्या फेरीत ती सरासरी ५९ नॅनोसेकंद (सेकंदाचे अब्जांश भाग) मागे पडली, पश्चिमेकडच्या फेरीत २७३ नॅनोसेकंद पुढे गेली. कुणाचा काळ खरा, हा प्रश्न तिथे कुणी विचारला नाही. प्रत्येक घड्याळाने आपल्या वाटेचा काळ मोजला, आणि शेजारी ठेवल्यावर फरक किती, हे सर्वांना सारखेच वाचता आले.

या तिसऱ्या मार्गालाही एक फाटा फुटतो. सामाईक वर्तमान नसेल तर भूत आणि भविष्य दोन्ही आधीपासून ‘आहेतच’, असे काही तत्त्वज्ञांनी म्हटले. १९६७ मध्ये हिलरी पुटनम यांनी अशाच युक्तिवादाने भविष्यातल्या घटनाही वास्तव आहेत, असे मांडले. हा विचार रोचक आहे, पण ते मोजमापातून निघालेले अनुमान नाही, त्यावर चढवलेला तत्त्वज्ञानाचा मजला आहे. रात्री झोपण्यापूर्वी तो चढू नये, एवढेच सुचवतो. मनुष्यनिरपेक्ष वास्तव मुळात आहे का, हा तर त्याहून जुना प्रश्न आहे, आणि सापेक्षतेने तो कोणत्याच बाजूने सोडवलेला नाही. १४ जुलै १९३० रोजी बर्लिनजवळच्या कापूट गावी, आइन्स्टाइन यांच्या घरी, रवींद्रनाथ ठाकुरांशी त्यांची यावरच चर्चा झाली. सत्य हे मानवाच्या जाणिवेशी जोडलेलेच असते, ही बाजू रवींद्रनाथांनी मांडली. माणूस नसला तरी सत्य राहतेच, ही बाजू आइन्स्टाइन यांनी घेतली, आणि आपल्याला ते सिद्ध करता येत नाही पण आपली तशी ठाम धारणा आहे, असेही कबूल केले. ज्यांच्या नावावर ‘वस्तुनिष्ठ सत्य संपले’ ही घोषणा खपवली जाते, ते स्वतः त्या दिवशी विरुद्ध पक्षात बसले होते.

मैत्रिणीला काय सांगायचे? व्याख्यान देऊ नका. ती ‘सगळं सापेक्ष आहे’ म्हणाली, की शांतपणे दोन प्रश्न विचारा: कशाच्या सापेक्ष, आणि एकीच्या वर्णनावरून दुसरीचे वर्णन काढायचे सूत्र कोणते? उत्तर असेल तर तो खऱ्या अर्थाने सापेक्षतेचा विषय आहे आणि बोलणे पुढे जाईल. उत्तर नसेल तर तो मतभेद आहे, आणि मतभेदासारखाच, पुरावे आणि कारणे मांडून, चालवावा लागेल. हीच कसोटी स्वतःलाही लावा. नैतिक किंवा कलाविषयक वादात ‘अवकाशकालांतर सर्वांसाठी सारखे असते, म्हणून माझेच खरे’ असे तुम्हालाही म्हणता येणार नाही. अशा प्रश्नांत हा सिद्धांत तिच्या बाजूने नाही, तसा तुमच्याही बाजूने नाही.

तुमच्यासारखे जे वाचक या विषयात स्वतः शिरू पाहतात, त्यांना माझी विनंती आहे की ‘दिसते’ आणि ‘भरते’ हे दोन शब्द वाचताना वेगळे ठेवावेत. डोळ्यांना दिसण्यात प्रकाशाच्या प्रवासाचा उशीर मिसळलेला असतो. तो वजा केल्यावर जे उरते ते हिशेबाने भरते, आणि सिद्धांत बोलतो तो भरण्याबद्दल. लोकप्रिय पुस्तकांत हे दोन्ही सर्रास एकाच वाक्यात येतात आणि निम्मे गोंधळ तिथेच सुरू होतात. दुसरे म्हणजे, विशेषणे वाचून थांबू नये, आकडे घालून पाहावेत. चार दिवसांचा फरक देवयानीच्या अंतराला पडतो आणि मुलीच्या अंतराला, चालण्याच्या त्याच वेगाने, सेकंदाच्या अब्जाव्या भागाचाही जेमतेम सहावा भाग पडतो, हे एकदा स्वतःच्या पेनाने काढले की विषयाची भीती राहत नाही.

तुमचा कागद मी परत पाठवतो आहे, दुरुस्ती न करता. ती तुम्हीच करा. आणि गटाच्या पुढच्या बैठकीला जाताना त्याच दिव्याचे दुसरे उदाहरण सोबत न्या. यानाचा वेग प्रकाशाच्या ०.६ पट धरलात, तर दोन लुकलुकींमधला वेळ ३.७५ सेकंद भरतो आणि अंतर २.२५ प्रकाशसेकंद. वर्ग काढायचे काम मैत्रिणीकडे द्या आणि वजाबाकी तुम्ही करा.